दुसऱ्या मजल्यावर, एका चौकटी कंसाबद्दल आभार

प्रिय सूनबाई (आमच्या नव्हे, दुसऱ्या मजल्यावरच्या),

अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून नाव नाही. पण मिरजेतल्या आपल्या या इमारतीत सात महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन एका हाताने टर्मिनलवर (लॅपटॉपला आज्ञा लिहून द्यायच्या खिडकीत) टाइप करणारी दुसरी कुणी नाही, तेव्हा ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पैसे घेतले नाहीस, साडी नको म्हणालीस, पेढ्यांतले दोन काढून घेतलेस आणि डबा परत पाठवलास. मग माझ्याकडे उरलं काय, तर लिहिणं. आणि पाकिटात घालून वर पाठवण्याऐवजी चारचौघांत लिहिते, कारण माझ्यासारखी ‘अपग्रेड केलं आणि बॅटरी गेली’ म्हणत फिरणारी माणसं मला या महिन्याभरात आणखी तीन भेटली. त्यांच्याही दुसऱ्या मजल्यावर तू असशीलच असं नाही.

झालं होतं ते असं. विसर्जन झालं, दिवाळी अंकाची प्रुफं यायला दोन आठवडे होते, आणि मी लॅपटॉपवर उबुंटूची (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवर बेतलेली प्रणाली) नवी आवृत्ती चढवली. २२.०४ होती, २४.०४ केली. तशी घाई कसलीच नव्हती, २२.०४ला एप्रिल २०२७पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणारच होते. पण ती खिडकी दर दोन दिवसांनी समोर येऊन उभी राहायची, आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला किती वेळा ‘नंतर या’ म्हणायचं? आधीची दोन्ही अपग्रेड आपल्या गल्लीतल्या त्या मुलाने करून दिली होती. तो आता बंगळुरूला. म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांचे लेख तपासतेय, मला चार वेळा ‘पुढे’ दाबता येणार नाही होय?

दाबलं. दीड तासात सगळं झालं, नवं रूप आलं, मराठी टायपिंगही जागच्या जागी होतं. मी खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरने कोल्हापूरला निघाले. रात्री अकराला शंभर टक्के चार्ज करून झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप. जयसिंगपूर गेल्यावर पिशवीतून बाहेर काढला तर अंगाला कोमट लागला. उघडला, चार्ज साठाच्या खाली. हातकणंगले, रुकडी करत प्रेसमध्ये पोचेपर्यंत मी हातातला मजकूर कमी आणि तो वरचा आकडा जास्त वाचला.

मग सुरू झाले सल्ले. दुकानदाराने लॅपटॉप हातात घेऊन, न उघडता, सांगितलं, “बॅटरी बसली, काकू. सहा वर्षं झाली ना? नवी टाका.” भाचा फोनवर म्हणाला, “फॉरमॅट मार.” या मुलांना सगळ्याला एकच औषध. मी स्वतः स्क्रीनचा उजेड कमी केला, ब्लूटूथ बंद केलं, वॉलपेपरसुद्धा काळा केला. सकाळी आकडा तोच, बासष्ट-त्रेसष्ट. नव्या बॅटरीसाठी चार हजार बाजूला काढून ठेवले होते, तेवढ्यात तू विरजण मागायला खाली आलीस.

आणि विचारलंस, “काकू, चार्ज उतरतो तो झाकण उघडं असताना, की मिटल्यावर?”

सूनबाई, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे. तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. ‘बॅटरी उतरते’ एवढंच मी सांगत होते आणि तेवढंच ऐकून माणसं औषध देत होती. लेखक मला म्हणतात, ‘लेख जरा जमत नाहीये, बघा’, तेव्हा मी पहिलं विचारते, कुठल्या पानापासून? इतकं साधं आहे ते. स्वतःच्या लॅपटॉपच्या बाबतीत सुचलं नाही.

तू बाळाला माझ्या मांडीवर दिलंस आणि बॅटरीची माहिती देणारी आज्ञा दिलीस. आकडे आले. बॅटरी नवी असताना बेचाळीस वॅट-अवरची, आता पूर्ण भरली की ३५.७ मावतात, म्हणजे क्षमता पंचाऐंशी टक्के. मी टाइप करत असताना खर्च साडेसहा वॅटच्या आसपास. “म्हणजे दिवसा पाच तास सहज चालायला हवा,” तू म्हणालीस. तो चालतच होता! मीच सकाळी बासष्टवर सुरुवात करून दुपारी बॅटरीला शिव्या देत होते.

मग तू मला गृहपाठ दिलास. एका रात्री एकच बदल, झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहायचा, घाई करायची नाही. एका जुन्या प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले ते आकडे माझ्या टेबलावर अजून आहेत. पहिल्या रात्री लॅपटॉप पूर्ण बंद: रात्री १००, सकाळी १००. त्या एका ओळीने दुकानदार खोटा पडला; चार्ज बॅटरीतूनच गळत असता तर ती अशी भरलेली राहिली नसती, आणि माझे चार हजार वाचले. दुसऱ्या रात्री नेहमीसारखं झाकण मिटून: १०० वरून ६२. तिसऱ्या रात्री झाकण मिटून, पण वायफाय बंद आणि माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर काढून: ६४. मी निराश झाले, तू उलट खूश. “चला, ही दोन्ही नाहीत.” दुसऱ्या रात्रीचा हिशेब तू तोंडी केलास: अडतीस टक्के म्हणजे साडेतेरा वॅट-अवर, सात तासांत, म्हणजे जवळजवळ दोन वॅट. “झोपलेल्या लॅपटॉपला दोन वॅट कशाला लागतात? काकू, हा झोपत नाहीये. डोळे मिटून पडलाय नुसता.”

चौथ्या दिवशी तू ती फाईल दाखवलीस. फाईल कसली, एक ओळ, आणि ओळीत शब्द दोन: ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’. पहिल्या शब्दाभोवती चौकटी कंस. ज्याच्याभोवती कंस, ती झोप सध्या चालू, असं तू सांगितलंस. मी आयुष्यभर कंस बघत आले; उघडून बंद न केलेला कंस मला पान उलटायच्या आत दिसतो. पण कंस चुकीच्या शब्दाला पडल्यामुळे रात्रीत अडतीस टक्के वीज जाते, हे प्रथमच पाहिलं.

तुझं स्पष्टीकरण मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर वरून हाक मार. ‘डीप’ म्हणजे जुन्या पद्धतीची गाढ झोप: प्रोसेसर बंद, जवळजवळ सगळं बंद, फक्त मेमरीला जगण्यापुरती वीज, म्हणजे उघडी पानं तशीच राहतात. ‘एसटूआयडल’ म्हणजे हलकी झोप: तिच्यात प्रोसेसर बंद होत नाही, निवांत बसतो, आणि बाकीच्या प्रत्येक भागाने आपापलं निवांत व्हावं अशी अपेक्षा असते. घरातली सगळी निजली तर उत्तम, पण एक जरी भाग जागा राहिला तर मिणमिणता दिवा रात्रभर चालूच. आणि मशीनमधल्या मूळ प्रणालीने (फर्मवेअरने) ‘मला हलकी झोप जमते’ असं कळवलेलं असलं की लिनक्स आपणहून हलकीच निवडतो. माझ्या २०१९च्या लॅपटॉपला दोन्ही जमतात, पण हलकी झोप त्याला नीट लागत नाही.

मग आधी कशी लागत होती? इथे तू थांबलीस, आणि मला वाटतं तुला उत्तर तेव्हाच माहीत होतं. “काकू, अपग्रेड चालू असताना मध्येच काही विचारलं होतं का?”

विचारलं होतं. जांभळ्या पडद्यावर ग्रबच्या (लॅपटॉप चालू करताना लिनक्सला उठवणारा प्रोग्राम) एका फाईलचं नाव होतं, आणि खाली पर्याय: पॅकेजच्या देखभालकर्त्याची नवी आवृत्ती बसवायची, का तुमच्याकडे असलेली ठेवायची. कर्सर ‘असलेली ठेवा’वर उभा होता. तो मी बाण दाबून वर नेला. देखभालकर्ता म्हणजे जाणता माणूस, त्याचं नवं ते चांगलंच असणार, असा विचार करून. दोन आवृत्त्यांतला फरक दाखवा, असाही एक पर्याय त्याच यादीत होता. तो मी वाचला आणि सोडून दिला.

वर्षानुवर्षं लेखकांना बजावणारी मी, की बाबांनो, ‘सगळे बदल मान्य’ हे बटण न वाचता दाबू नका!

गल्लीतल्या त्या मुलाने २०१९मध्ये लॅपटॉप सुरू करून देताना त्या फाईलीत एक छोटी सूचना घातली होती: झोप म्हटली की डीप. त्याने मला ती सांगितली नाही, मी विचारली नाही, आणि पुढच्या दोन्ही अपग्रेडमध्ये त्याने ती जपली. मी ती एका बाणाने पुसली. जुनी फाईल शेजारीच वेगळ्या नावाने पडून होती. तू दोन्ही एकमेकींशेजारी उघडल्यास आणि नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलंस. हसली नाहीस. “सगळ्यांचं होतं,” म्हणालीस. कामावर तू सर्व्हर सांभाळायचीस तेव्हा एकदा तुझ्या हातूनही असं गेलं होतं, तेही सांगितलंस. ते खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, हे मी विचारणार नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची. पण तीही तू एकदम केली नाहीस, त्याचं मला जास्त कौतुक. आधी कंस तात्पुरता हलवलास, रीस्टार्ट केलं की आपोआप जुन्या जागी जाईल असा. झाकण मिटून उघडायला लावलंस, तीनदा: वायफाय परत येतंय का, टचपॅड चालतो का, आवाज येतो का. काही मशीन गाढ झोपेतून धड उठतच नाहीत म्हणालीस. रात्र जाऊ दिलीस. सकाळी ९५. तेव्हा कुठे ग्रबच्या त्या फाईलीत सूचना परत लिहिलीस, ग्रब अपडेट करायची आज्ञा दिलीस, रीस्टार्ट केलं, आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘सस्पेंड एंट्री’, म्हणजे झोपेत शिरल्याच्या नोंदीपुढे ‘डीप’ आलेलं दाखवलंस. उठायला आता दोन-तीन सेकंद जास्त लागतात. मलाही लागतात.

बाकीची किरकोळ कामं तू जाता जाता केलीस. भाच्याने ‘परफॉर्मन्स’वर ठेवलेला पॉवर मोड ‘बॅलन्स्ड’वर आणलास. अपग्रेडनंतर पहिले एक-दोन दिवस लॅपटॉप आपल्या फाईलींची नव्याने यादी करत बसतो, तेव्हा थोडा जास्त खर्च होतोच, त्याने घाबरायचं नाही, हे सांगितलंस. मी वाचून आलेलं ‘टीएलपी’ (वीज वाचवायचा एक प्रोग्राम) टाकायला निघाले होते, तर उबुंटूची स्वतःची पॉवर प्रोफाइलची सोय आधीच आहे, एका म्यानात दोन तलवारी नकोत, म्हणून अडवलंस.

वाचणाऱ्यांसाठी तुझाच एक इशारा इथे देऊन ठेवते, नाहीतर उद्या कुणी माझं पत्र बघून फाईली उघडेल. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘डीप’ हा शब्द त्या ओळीत नसतोच. तिथे गाढ झोपेची सोय मुळात दिलेली नसते. त्यांचा रोग वेगळा, औषध वेगळं. पण रात्रीचा आणि सकाळचा आकडा कागदावर लिहायला कुठलाच लॅपटॉप अडवत नाही.

परवा पुन्हा पॅसेंजरने गेले. मिरजेहून निघताना ९५, कोल्हापूरला उतरताना ७९, आणि मधल्या वेळात एका लांबलचक कथेची चौदा पानं हातावेगळी. पिशवी गार.

आता तुझं काम. उष्टावणाची पत्रिका तपासून झाली आहे. ‘शुभाशिर्वाद’मधला ‘शि’ दीर्घ कर. वेळ ‘सकाळी ११.३०’ दिली आहेस आणि खाली भोजन ‘दुपारी १२ ते २’; अर्ध्या तासात उष्टावण उरकेल असं मला वाटत नाही, तुझ्या सासूबाईंना विचार. आणि बाळाच्या आत्याचं नाव राहिलंय. ते आधी घाल.

विरजण लागलं तर भांडं घेऊन ये, रात्री आठनंतर.

तुझी,
पहिल्या मजल्यावरची काकू