गोल कानांचा संकासूर

एडिसन, न्यू जर्सी
१६ जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर निम्मं बोलणं पावसाच्या आवाजात वाहून गेलं. आई, तू म्हणालीस, सगळं लिहून पाठव, आजीला वाचून दाखवते. म्हणून लिहायला बसलेय. ओवी आत्ताच झोपलीय, म्हणजे माझ्या हातात फार तर पाऊण तास आहे.

बाबा, तुमचं एक वाक्य मात्र त्या पावसातही स्वच्छ ऐकू आलं. "तेरा महिन्यांच्या पोरीला डिस्ने वर्ल्डला नेऊन काय कळणार तिला? पैसे पाण्यात." आधी पैशांचं सांगते. तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानानं जायचं तर दोन वर्षांपर्यंतचं मूल मांडीवर फुकट बसतं. म्हणजे ओवीचा खर्च काय तो डायपरचा, तो घरीही होतोच. आमची दोघांची तिकिटं माणशी शंभर डॉलरच्या वर गेली हे खरं, पण ती आमची हौस. तिच्या नावावर घालू नका. कळण्याचं पुढे सांगते.

आम्ही गेलो होतो फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला. मला वाटायचं एक मोठी बाग असेल, तर तिथे चार वेगवेगळे थीम पार्क आहेत, आणि सगळी जागा धरली तर सुमारे २५,००० एकर. आपल्या पाऊण एकराच्या आगराला गडी मिळत नाही म्हणून तुम्ही वर्षभर कुरकुरता, तेच आठवलं मला. चारांतलं सगळ्यात जुनं म्हणजे मॅजिक किंगडम, १९७१ च्या १ ऑक्टोबरला उघडलेलं. पहिला अख्खा दिवस तिथेच घालवला.

गंमत म्हणजे गाडी लावली की लगेच पार्कचं दार येत नाही. मध्ये तलाव आहे, आणि पलीकडे जायला चक्क फेरीबोट! धोपाव्याहून दाभोळला जातो तश्शी, फक्त हिच्यात मोटारी आणि कोंबड्यांच्या टोपल्या नाहीत. बाबागाडी न मिटता तशीच आत ढकलता आली, तेवढ्यानेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. ओवीने कठड्याच्या फटीत नाक घालून अख्खा प्रवास पाणी बघितलं. तिच्या पुरती सहल तिथेच झाली होती म्हणा ना.

बाबा, हा तलाव खणून काढलेला आहे. तिथली जमीन आपल्या आगरासारखीच, जरा खणलं की पाणी लागतं. त्यांना पार्कखाली कामगारांच्या ये-जा करण्यासाठी भुयारं हवी होती, ती खाली खणणं शक्य नव्हतं. मग त्यांनी काय केलं, भुयारं जमिनीवरच बांधली, तलावातून निघालेली माती त्यांच्यावर भराव म्हणून घातली आणि पार्क त्याच्या वर उभारलं. म्हणजे आम्ही दिवसभर 'रस्त्यावर' फिरत होतो तो खरं तर पहिला मजला! कचरासुद्धा नळातून हवेने ओढून नेतात. निखिलला यात काही विशेष वाटलं नाही, पण तुम्ही असता तर राजवाडा सोडून तळघराचं दार शोधत बसला असता.

(तलावाच्या काठी मगरी आणि सापांपासून सावध राहायच्या पाट्या आहेत. आई, हे आजीला वाचू नकोस.)

आता मुख्य गोष्ट. आत शिरल्या-शिरल्या उजव्या हाताला एक थिएटर आहे, तिथे मिकी माऊस भेटतो. पाऊण तास रांग. ओवी रांगेत मजेत, पुढच्या बाईच्या पिशवीला लोंबणारा गोंडा पकडायचा चाललेला. मग दार उघडलं आणि समोर तो. एवढं थोरलं डोकं, दोन काळेभोर गोल कान, पांढरे हातमोजे. पोरगी आधी गप्पच झाली. मग खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, माझं मंगळसूत्र तिने मुठीत आवळलं, आणि जो सूर लावला म्हणता! मिकी बिचारा चटकन दोन पावलं मागे सरला, खाली गुडघ्यावर बसला आणि हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं. त्याला सवय असणार. तिने माझ्या खांद्यावरून एक डोळा काढून पाहिलं. त्याने एक बोट हलवलं. हिने परत तोंड लपवलं. फोटोत निखिल हसतोय, मी घामाघूम, आणि ओवीचं नुसतं डोकं मागून दिसतंय. वहिनीला पाठवलाय.

आणि मला आपलं अंगण आठवलं. आई, तूच सांगतेस ना, मी दहा महिन्यांची असताना शिमग्यात सोंगं घेऊन नाचणारे खेळे दारात आले, संकासूर घुंगरं वाजवत पुढे आला, तो काळा अंगरखा आणि ती उंच टोपी बघून मी अशी किंचाळले की आजोबांनी नारळ हातात देऊन त्याला आधी वाटेला लावलं. तरी पुढच्या वर्षी तू मला काखोटीला मारून परत पालखीला गेलीसच. बाबा, तेव्हा कोणी म्हणालं होतं का, हिला काय कळतंय, कशाला आणलीत? पालखी नाचते तिथे निम्मी तान्ही पोरं असतात, ढोलाच्या आवाजात झोपलेली. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तुम्हालाच आठवतं, आणि दर वर्षी पाहुण्यांसमोर तुम्हीच रंगवून सांगता. तसाच हा मिकी.

उठली. बाकीचं रात्री.

झोपवली एकदाची. जेवायचं कसं केलंस, असं आजीने विचारलं होतं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी नाही, काचेच्या बाटल्या चालत नाहीत, पण बाळाच्या खाऊची लहान बरणी चालते. मी नाचणीचं सत्त्व नेलं होतं. पार्कात बाळांसाठी वेगळी जागा असते, बेबी केअर सेंटर म्हणतात. थंडगार, शांत. अंगावर पाजायला आडोशाची खोली, उंच खुर्च्या, कपडे बदलायला टेबलं, आणि मायक्रोवेव्ह. तिथे मी सत्त्व शिजवलं, पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा जमलं. शेजारी एक आजीबाई नातवाला भरवत होत्या, वाकून वाकून विचारायला लागल्या, हे चॉकलेट का? त्यांना चमचाभर दिलं. तोंड बघण्यासारखं झालं.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि असा कडकडाट, की मला क्षणभर मिरगाचाच पाऊस वाटला. तिथे उन्हाळ्यात बहुतेक रोज दुपारी हे होतंच म्हणे. वीज चमकली की उघड्यावरची राइड बंद करतात. सगळे प्लास्टिकच्या घोंग्या पांघरून धावत होते, आम्ही मात्र त्या थंड खोलीत, पोरगी दीड तास गाढ. तिकिटाचा सगळ्यात चांगला दीड तास तो.

बाबागाडी राइडमध्ये नेता येत नाही, बाहेर ठरलेल्या जागी लावायची. बाहेर येऊन बघते तर शंभरेक बाबागाड्या, सगळ्या करड्या, आणि तिथली माणसं त्या सरळ रांगेत लावताना इकडच्या तिकडे सरकवतात. आपली कुठली? मी निघताना हँडलला खणाचा तुकडा बांधला होता, तू बाळंतविड्यात पाठवलेला, जांभळा. लांबून तोच दिसला. निखिलने आधी माझी चेष्टा केली होती, नंतर सगळीकडे तोच विचारत होता, "खण कुठाय?"

तिला काय काय चालतं? जिथे उंचीची अट नाही तिथे बाळ मांडीवर घेऊन बसता येतं, आणि अशा राइड बऱ्याच आहेत. होडीतून गाणाऱ्या बाहुल्या बघत जायचं, ते तिला सगळ्यात आवडलं, टाळ्या वाजवून हात लाल. उडत्या हत्तीत आपणच दांडी ओढून हत्ती वर-खाली करायचा. दांडी तिने सोडेचना, आम्ही तिसऱ्या माळ्यावर टांगल्यासारखे. आणि एक मेरी-गो-राउंड आहे, लाकडी घोड्यांचं, १९१७ सालचं. ते पूर्वी आमच्याच न्यू जर्सीत, मेपलवूडच्या एका पार्कात होतं, ते पार्क बंद पडल्यावर डिस्नेने विकत घेतलं. घरापासून हजार मैल जाऊन शेजारचाच घोडा.

आमच्याही हौशी भागल्या. स्पेस माउंटन म्हणून अंधारातली राइड आहे, तिला किमान ४४ इंच उंची लागते. तिथे रायडर स्विच असतं: दाराशी सांगून ठेवायचं, मग एकजण जातो, दुसरा बाळाजवळ बसतो, आणि पहिला आला की दुसऱ्याला पुन्हा ती मोठी रांग लावावी लागत नाही. निखिल बाहेर आला तो पांढराफटक. मी दोनदा ओरडले, पण बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच माझे दोन्ही हात मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी कुठेच गेलो नाही. आम्ही बाहेरच्या एका स्वस्त हॉटेलात उतरलो होतो, पाळणा देऊ म्हणाले होते, दिला तो एका पायाने लंगडा. रात्रभर ओवी आमच्या दोघांमध्ये आडवी. त्यामुळे सगळे दुपारपर्यंत लोळलो आणि संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर. तिसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम. उघड्या ट्रकमधून जिराफ अगदी हाताशी आला. ओवीने बोट दाखवून खणखणीत सांगितलं, "भू भू." हत्ती भू भू, गेंडा भू भू.

दादा, तू मल्हारला घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं म्हणतोयस ना, तर निघायच्या आधी त्याची उंची मोजून ने, दाराशी जाऊन परत फिरायला लागलं की चार वर्षांचं पोर जे रडतं ते मी दोन्ही दिवस बघितलंय. सकाळी दार उघडतं तेव्हाच पोचा. दुपारी सावलीत झोपवा. आतषबाजीला थांबू नका, आम्ही थांबलो आणि पहिल्या बारालाच पळत सुटलो.

बाबा, एक ठरवलंय. पुढच्या मार्चात शिमग्याला येतो. ओवी तेव्हा दोनच्या आतच असेल, म्हणजे मांडीवर बसून मोठ्यांच्या तिकिटाच्या साधारण दहा टक्क्यांत येईल, मे उजाडला की तिचंही तिकीट काढावं लागेल. खेळ्यांना तेवढं आत्ताच सांगून ठेवा, संकासुराने पायरीशीच थांबायचं, आणि आधी गुडघ्यावर बसून तोंड झाकायचं.

आजीला नमस्कार, मल्हारला पापा.

तुमची,
मनू

ता. क. नाचणीचं सत्त्व संपत आलंय. कोणी येणार असेल तर दोन किलो पाठव, आणि पंपाची मोटर दुरुस्त होऊन आली का ते कळव.