टायमर संपला की परत दोन तास कसा होतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. वाशीला पेट्या पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईल तेव्हा येईल म्हणून वाट बघत बसायचं, याला कंटाळून चार वर्षांपूर्वी आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकायला लागलो, आधी व्हॉट्सॲपवर, मग पुतण्याने छोटीशी वेबसाइट काढली. मग त्याने डिजिटल मार्केटिंगचा कोर्स पण केला (फी विचारू नका). तेव्हापासून घरात 'टेस्टिंग' आणि 'कस्टमर सायकॉलॉजी' हे दोन शब्द मोहोरावरच्या तुडतुड्यांसारखे झालेत, काही केल्या जात नाहीत. माझ्यासारखे बरेच जण आता या फंदात पडतायत म्हणून लिहितोय.

कोर्सवरून आल्या आल्या त्याने वेबसाइटवर लाल अक्षरात टायमर लावला, 'ऑफर संपायला 2 तास', आणि खाली 'फक्त 3 पेट्या शिल्लक'. माणसाला काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातचं गेल्याची टोचणी जास्त लागते हे खरंच आहे, कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच ते मांडलंय, आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या कुठल्याही मावशीला ते न वाचता माहीत असतं. पण तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन. म्हणाल्या, "काय हो, काल दुपारी बघितलं तेव्हा दोन तास होते, आज सकाळी बघते तर परत दोनच तास, आणि पेट्या पण तीनच. बाग नक्की तुमचीच आहे ना?"

मला घामच फुटला. कारण हापूसच्या धंद्यात गिऱ्हाइकाची सगळी भीती तीच आहे, की देवगडच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा गळ्यात मारतायत. 2018 ला जीआय मानांकन (म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं) मिळालं तरी ती भीती काही गेलेली नाही. म्हणजे जी शंका घालवण्यात आम्ही चार वर्षं घालवली ती टायमरने तीन दिवसांत परत आणून ठेवली. संध्याकाळी तो काढायला लावला. नंतर कळलं की असली खोटी घाई दाखवणं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत येतं, अशा 13 फसव्या युक्त्यांची यादीच आहे त्यात. कोर्समध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ही 'स्ट्रॅटेजी' होती.

कोर्समध्ये ओबामांचं उदाहरण मात्र होतं. 2008 च्या प्रचारात त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानासाठी चार बटनं आणि सहा फोटो-व्हिडिओ घेऊन 24 जोड्या केल्या आणि येणाऱ्या लोकांना वेगवेगळ्या दाखवल्या. प्रचारातल्या मंडळींचा जीव एका व्हिडिओवर होता, पण जिंकला कुटुंबाचा साधा फोटो आणि 'साइन अप' च्या जागी 'लर्न मोअर' लिहिलेलं बटन, ईमेल देणारे शेकडा 8.26 वरून 11.6 झाले. आता यातून घ्यायचं काय, तर आपल्याला आवडलं ते लोकांना आवडेलच असं नाही. कोर्सवाले काय शिकवतात, तर 'लर्न मोअर' लिहा. अरे पण आंब्याच्या पेटीत लर्न काय करायचंय! आणि ती टेस्ट झाली तीन लाखांवर लोकांवर, आमच्या वेबसाइटवर अख्ख्या सीझनला येतात तीन हजार, त्यातले निम्मे गावातलेच, भाव बघायला.

मग व्हॉट्सॲपवर करून बघितलं. ब्रॉडकास्ट लिस्टला 256 ची मर्यादा असते म्हणून दोन लिस्ट केल्या, एक मुंबईची एक पुण्याची. मुंबईला नेहमीचा मेसेज, पुण्याला 'साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देऊ' (साका म्हणजे बाहेरून चांगल्या आंब्याचा आतला गर खराब निघतो तो). पुण्याच्या ऑर्डरी कमी आल्या आणि पुतण्या म्हणाला साक्याचं नावच काढायला नको होतं. माझी मुलगी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, ती हसायलाच लागली, कारण मुंबईचा मेसेज गेला होता 1 तारखेला आणि पुण्याचा 24 ला, म्हणजे आम्ही मेसेज तपासला का शहर का लोकांचा पगार, काहीच कळायला मार्ग नाही. तिने सांगितलं, गाव सोडा, फोन नंबरचा शेवटचा आकडा बघा, सम असेल तर हा मेसेज, विषम असेल तर तो, आणि दोन्ही एकाच वेळी पाठवा.

तसं केलं. नेहमीच्या मेसेजला 22 ऑर्डरी, साक्याच्या मेसेजला 31. पुतण्याने लगेच '40 टक्के वाढ' म्हणून स्टेटस ठेवलं. मुलगी म्हणाली थांबा जरा, आता पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे एकच मेसेज पाठवा. पाठवला, तर इकडे 19 आणि तिकडे 26! मेसेज तोच आणि फरक सातचा. पुतण्याने गुपचूप स्टेटस उडवलं. तिने मग कागदावर हिशोब मांडून दाखवला की शंभरात दोन ऑर्डर देणारे अडीच झाले का हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायचं तर प्रत्येक बाजूला चौदा हजारांच्या आसपास माणसं लागतात. तेवढी गिऱ्हाइकं असती तर मी हे पत्र लिहीत बसलो असतो का?

तेव्हा बटनाचा रंग वगैरे मोठ्या कंपन्यांना लखलाभ. आम्ही काय केलं, तर पेटी निवडून, पत्ता भरून, पैसे न भरता गेलेल्या दहा जणांना सरळ फोन लावले. विकायला नाही, फक्त विचारायला की कुठे अडलं. बहुतेकांनी एकच सांगितलं, कुरिअरचे पैसे शेवटच्या पानावर कळले आणि डोकं फिरलं. (हे पण त्या 13 मध्ये आहे, आणि आम्ही ते लबाडीने नव्हे तर आळसाने करत होतो.) दोघींना भलतीच काळजी, आंबा कच्चा आला तर पिकवायचा कसा, आढी म्हणजे नक्की काय. आम्हाला वाटायचं हे जगाला माहीत असतं! आता भाव कुरिअर धरूनच लिहितो, आणि बायकोने गवतात आंबे पिकत घालून, म्हणजे आढी लावून, दाखवल्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकलाय. ऑर्डरी वाढल्या, पण मध्ये अक्षय्य तृतीया पण आली तेव्हा त्याच्यामुळेच वाढल्या असं छातीठोक नाही सांगत, मुलगी वाचेल.

आता तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशाच एका कोर्सची जाहिरात येते, 'आता फक्त 5 जागा शिल्लक'. गेले तीन रविवार मी बघतोय, पाचच आहेत. डोंबिवलीच्या काकूंचा नंबर देऊ का?

आपला वाचक,
एक बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग