‘डुप्लिकेट’ कशाला म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नवा कॅमेरा घेणाऱ्यांसाठी जो सल्ला छापून आला, त्यात ‘बॅटरी, फ्लॅश, कार्ड सगळे कंपनीचेच घ्या, डुप्लिकेटच्या नादी लागू नका’ असे एक वाक्य होते. लग्नसराईच्या तोंडावर धंद्यात उतरणाऱ्या मुलांनी ते शब्दशः पाळले, तर खिशाला नाहक भुर्दंड बसेल आणि जिथे खरोखर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे तिथे ती गाफील राहतील.

सगळा घोळ ‘डुप्लिकेट’ या शब्दात आहे. दुकानात या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हमीवर केलेली: गोडॉक्सचा फ्लॅश, होयाचा फिल्टर. दुसरी, कॅनन, निकॉन किंवा सोनीचे नाव, खोका, होलोग्राम सगळे छापून आणलेली नक्कल, जिला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. पहिलीमागे कोणीतरी उभा असतो, माल वाईट निघाला तर त्याचेच नाव जाते. दुसरीमागे कोणीच नसतो. ‘कंपनीचीच आहे, पण स्वस्तात देतो’ या बोलीवर घेतलेल्या बॅटरीपेक्षा उघडपणे दुसऱ्या कंपनीची म्हणून विकलेली बॅटरी केव्हाही बरी.

मग कंपनीचे काय घ्यायचे आणि दुसऱ्याचे काय चालेल? ती वस्तू कॅमेऱ्याला वीज देते का, त्याच्याशी संकेतांची देवाणघेवाण करते का, एवढेच आधी विचारावे. करत नसेल तर कंपनीच्या नावाला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सबरोबर हूड (बाजूचा उजेड अडवणारे कडे) येत नाही; ईएस-६८ नावाचा हूड वेगळा विकत घ्यावा लागतो. ते आहे काय, तर प्लॅस्टिकचे कडे. दुसऱ्या कोणाचेही घ्या, फक्त आतली बाजू चकचकीत नाही ना आणि खाचेत घट्ट बसते ना, हे पाहा. ट्रायपॉडची प्लेट, बॅग, पट्टा यांचेही तेच. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो आणि तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच.

फिल्टर पारखायला दुकानातली ट्यूबलाइट पुरते. फिल्टर तिरका धरून काचेत नळीचे प्रतिबिंब पाहा. ते लख्ख पांढरे दिसले तर काचेवर चमक कमी करणारा लेप नाही किंवा नावापुरता आहे. रात्री मांडवातले दिवे समोर आले की अशा काचेतून फोटोत हिरवट ठिपके उमटणारच. प्रतिबिंब मंद, हिरवे किंवा जांभळट दिसले तर लेप आहे. वर नाव कोणाचेही असो.

बॅटरीला मात्र जरा वेळ द्यायला हवा. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या नेहमीच्या बॅटरीत दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. कॅननच्या एलपी-ई६एनएच बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि २१३० एमएएच (किती वीज मावते त्याचे माप) लिहिलेले असते. धन आणि ऋण टोकांखेरीज तिला आणखी पट्ट्या असतात. त्यांतून आतला छोटा थर्मिस्टर चार्जरला तापमान सांगतो आणि चिप कॅमेऱ्याला ‘इतके टक्के उरले’ असे कळवते. भुरट्या बॅटरीत याच दोन ठिकाणी काटकसर केलेली असते. थर्मिस्टरच्या जागी एक साधा ठरावीक रोधक टाकला की चार्जरला बॅटरी सदासर्वकाळ गारच भासते. बहुतेक मूळ चार्जरच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ४० अंश सेल्सिअसची वरची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा ४५ पर्यंत चढतो, आणि चार्जर लावलेला असतो पत्र्याच्या शेडखाली, जनरेटरच्या बाजूला. तिथे मूळ बॅटरी चार्जिंग थांबवून धरते, भुरटी मात्र निमूटपणे भरत राहते आणि काही महिन्यांत फुगू शकते. फुगलेली बॅटरी कप्प्यात अडकली तर पकडीने ओढू नये. पत्रा फाटून आतले सेल शॉर्ट झाले तर कॅमेरा आणि हात दोन्ही भाजतील. कॅमेरा बंद करून दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा.

चिपची लबाडी लवकर कळत नाही. पडद्यावर भरलेली बॅटरी दिसते आणि मंगलाष्टकांच्या ऐन शेवटच्या ‘सावधान’ला कॅमेरा मिटतो. कॅननच्या काही मॉडेलांत चिप ओळखू आली नाही तर बॅटरीवर कॅननचे चिन्ह आहे का, असा प्रश्नच पडद्यावर येतो. उत्तर दाबून पुढे जाता येते, पण पुढे किती टक्के उरले ते दिसेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेताना दुकानातच आपल्या कॅमेऱ्यात घालून पाहावी. टक्के दिसतात का? मूळ चार्जरवर चढते का? बॉडीत यूएसबीने चार्ज होते का? तिन्हीला ‘हो’ आले तरच पैसे काढावेत. यूएसबीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: कॅनन आर६ मध्ये कॅननचीच जुनी एलपी-ई६ यूएसबीने चार्ज होत नाही आणि निकॉन झेड६ मध्ये निकॉनचीच ईएन-ईएल१५ए होत नाही. आर५ मार्क २ मध्ये तर एलपी-ई६पी ऐवजी कॅननचीच एलपी-ई६एनएच घातली तरी काही सुविधा बंद राहतात. तेव्हा ‘कंपनीची’ एवढ्याने भागत नाही, मागचे अक्षरही वाचावे लागते.

घरी आणल्यावर दोन चाचण्या करा. पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरने धन-ऋण टोकांमधला दाब मोजा. ७.२ व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत तो ८.४ च्या आसपास किंवा किंचित खाली हवा. स्पष्टपणे वर गेला तर त्या चार्जरवर पुन्हा एकही बॅटरी लावू नका, मूळ तर नाहीच. दुसरी चाचणी पंख्याखाली होते: एकाच सेटिंगवर व्हिडिओ सुरू ठेवा, कॅमेरा बंद पडेपर्यंत किती मिनिटे गेली ते मोजा, आणि मूळ बॅटरीचाही तसाच आकडा काढा. कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा असेल तर पुन्हा सुरू करून मिनिटे मिळवत जा. मूळच्या ८० टक्के वेळ मिळाला तरी किमतीच्या मानाने सौदा चांगला. निम्माच मिळाला तर परत करा. खोक्यावरच्या एमएएचला भुलू नका. त्याच मापाच्या डबीत मूळपेक्षा दीडपट वीज कोणी भरू शकत नाही. फ्लॅशच्या पेन्सिल सेलवर ‘४०००’ छापलेले दिसले तर तेही तसेच. चांगल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची धाव २५००-२७०० च्या आसपास संपते.

आमच्या मते कॅमेऱ्याबरोबर आलेली एक मूळ बॅटरी आणि वर दुसऱ्या चांगल्या कंपनीच्या दोन, अशी जोडणी धंद्याला पुरते. विकत घेतल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहावी आणि दोन बॅटऱ्या बसणाऱ्या ग्रिपमध्ये मूळ आणि दुसरी अशी मिश्र जोडी घालू नये. मुहूर्ताच्या आदल्या रात्री फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) बदलू नये, हे सांगायला नको. पण अद्ययावत केल्यावर परकी बॅटरी ओळखली जात नाही असे घडू शकते, म्हणून सांगितले.

फ्लॅशच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. इथे दुसऱ्या कंपनीचा माल बहुतेकांना पुरून उरतो, मूळची किंमत मात्र दोन-तीनपट. पण कॅननच्या ईओएस १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींच्या हॉट शूच्या (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेच्या) मधला मोठा संपर्कबिंदूच कंपनीने काढून टाकला आहे, आणि नवशिके नेमके हेच कॅमेरे घेतात. साधा, फक्त त्या मधल्या बिंदूवर चालणारा मॅन्युअल फ्लॅश किंवा स्वस्त ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारे यंत्र) त्यावर चढवला तर पेटतच नाही. दोष ना फ्लॅशचा, ना पोराचा. अशा बॉडीसाठी उरलेल्या बिंदूंवर चालणारा टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणारा) ट्रिगर लागतो. तोही स्वतःच्या कॅमेऱ्यावर दहा वेळा पेटवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि फ्लॅशच्या नावामागचे अक्षर तपासावे. गोडॉक्समध्ये ‘सी’ कॅननसाठी, ‘एन’ निकॉनसाठी, ‘एस’ सोनीसाठी. चुकीचे अक्षर घेतले तर टीटीएल मिळणार नाही, मग दुकानदाराशी कितीही भांडा.

माळ्यावरचा वडिलांच्या काळातला फ्लॅश काढून डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याची हौस अनेकांना असते. जुन्या फ्लॅशच्या पेटवण्याच्या टोकावर २०० व्होल्टहून जास्त दाब असू शकतो. फ्लॅश चालू करून तयार असल्याचा दिवा लागला की मल्टिमीटरचे एक टोक मधल्या बिंदूला, दुसरे बाजूच्या पत्र्याच्या खाचेला लावा आणि आकडा पाहा. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल, किंवा पुस्तिकेत मर्यादाच सापडत नसेल आणि आकडा ६ व्होल्टच्या वर असेल, तर तो फ्लॅश शोभेला ठेवा.

मेमरी कार्डात ‘कंपनीचे की दुसऱ्याचे’ हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत कार्ड दुसऱ्याच कंपनीचे असते. इथे भीती फक्त नकलेची. ८ जीबीच्या चिपला खोटे सांगायला शिकवून वर ६४ लिहिलेले असते. खरी जागा भरली की पुढचे फोटो यादीत दिसतात, पण उघडत नाहीत. नवे कार्ड आणले की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफ३ हा मोफत प्रोग्राम लावून पूर्ण भरून वाचून घ्या. सेकंदाला ३० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायला साधारण ३६ मिनिटे लागतात, वाचायचा वेळ वेगळा. त्यानंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. वेष्टनावरचा २०० एमबीचा ठळक आकडा वाचण्याचा असतो, तोही त्यांच्याच रीडरवर. चित्रीकरणाला लिहिण्याचा वेग लागतो. १०० मेगाबिटचे फोर-के म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, त्याला व्ही३० चे (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारे) खरे कार्ड भरपूर झाले.

‘दुसऱ्याचा फ्लॅश लावला, वॉरंटी गेली’ असे काउंटरवर सर्रास ऐकवले जाते. परक्या वस्तूमुळे झालेले नुकसान भरून द्यायला कंपनी नाकारू शकते, तसे अटींत लिहिलेलेही असते. पण फ्लॅश लावला म्हणून शटरच्या दोषाची जबाबदारी आपोआप उडत नाही. नकार लेखी मागावा, आणि तोही मिळाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यासाठी बिल हवे, आणि बिलावर नुसते ‘कॅमेरा बॅटरी १ नग’ नको. बनवणाऱ्याचे नाव आणि मॉडेल हवे. मुंबईच्या बोरा बाजारात असो की पुण्याच्या बुधवारात, एवढे लिहून द्यायला जो दुकानदार का-कू करतो त्याच्याकडून वीज वाहणारी वस्तू घेऊ नये. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. नकली माल पुष्कळदा इथेच उघडा पडतो, कारण क्रमांक तरी नसतो, नाही तर भलत्याच कारखान्याचा निघतो.

गोव्याला लग्नाच्या कामासाठी विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या, मूळ असोत वा परक्या, सोबतच्या बॅगेतच ठेवाव्यात आणि टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावावी. सामानात टाकलेल्या बॅगेत त्या चालत नाहीत. फुगलेली बॅटरी मात्र सोबतही नेऊ नये आणि घंटागाडीतही टाकू नये. टोके पट्टीने झाकून, वाळू भरलेल्या डब्यात ठेवून ती ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी.

आपले,
कॅमेरा दुरुस्ती आणि छायाचित्रण व्यवसायातील काही वाचक, पुणे