तेराव्यानंतरच्या कामांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज निधन वार्ता येतात. अंत्ययात्रेची वेळ, सावडण्याचा दिवस, दशक्रियेचे ठिकाण, सगळे त्यात असते. इथपर्यंत सोलापूरचा माणूस कुठे कमी पडत नाही. मयत झाली की गल्ली धावून येते, चूल बंद असलेल्या घरी शेजारून पिठलं-भाकरी येते, मातीला परकी माणसेही येऊन खांदा देतात. अडते ते नंतर. तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावच्या एसटीत बसतात आणि आज कोणता वार आहे हेही न सुचणाऱ्या बाईपुढे कागदांची चळत येते. अशा घरात भावकीतल्या किंवा शेजारच्या एका जाणत्या माणसाने पहिल्या दिवसापासून कागदाची जबाबदारी उचलावी आणि निदान वर्षभर ती सोडू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेवांनी तिथे जाऊन त्यांच्या अस्थी ओळखल्या, पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, एवढे सगळ्यांच्या लक्षात राहते. ढिगारा उपसायचा, एका मजुराच्या अस्थी दुसऱ्याच्या अस्थींतून वेगळ्या करायच्या, मग त्या पंढरपूरपर्यंत न्यायच्या, हे काम मात्र कुणाला आठवत नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग ज्यांनी लिहिले, त्याच नामदेवांच्या नावावर हे कामही आहे. शोक आणि काम त्यांनी वेगळे मानले नाही.

घरी मृत्यू झाला तर पहिल्या तासात काय करायचे ते आधी सांगतो. शरीर साधारण 2 ते 4 तासांत आखडू लागते, म्हणून त्याआधी डोळे मिटवावेत, हनुवटीखालून मऊ कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर बांधावी, हातपाय सरळ करावेत, दागिने काढून दोघांच्या साक्षीने मोजून ठेवावेत. उशीर झाला की बोटातली अंगठी निघत नाही आणि ओढाताण घरच्यांच्या डोळ्यांदेखत होते. नेत्रदान करायचे असेल तर हातात 6 तास असतात. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, साखर होती, या कारणांनी नेत्रदान नाकारले जात नाही. 15 ते 20 मिनिटांत काम होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. छातीत पेसमेकर असेल तर तो दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण आगीत त्याचा स्फोट होतो. स्मशानभूमीतल्या कर्मचाऱ्याच्या जिवाचा तो प्रश्न आहे, आणि घाईत नेमके हेच सांगायचे राहते.

मृत्यूच्या कारणाचा दाखला शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. घरी मृत्यू झाला तर नमुना 4अ, रुग्णालयात झाला तर नमुना 4. अडचण होते ती वर्षभर अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत. शेवटचे कित्येक महिने कुणी डॉक्टरच आलेला नसतो. मग नवा डॉक्टर सही करायला तयार होत नाही आणि ते रास्तही आहे. त्यासाठी अशा रुग्णाकडे अधूनमधून एक ठरावीक डॉक्टर येईल अशी व्यवस्था आधीच ठेवावी. या दाखल्याची झेरॉक्स ठेवल्याशिवाय मूळ प्रत हातची सोडू नये. पालिकेच्या मृत्यू प्रमाणपत्रावर कायद्यानेच मृत्यूचे कारण छापत नाहीत आणि विमा कंपनी नेमके कारणच विचारते.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यानंतर वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. नोंद मृत्यू जिथे झाला तिथलीच. पुण्याच्या दवाखान्यात माणूस गेला आणि दहन इथे मोदी किंवा रूपाभवानीच्या स्मशानभूमीत झाले, तरी प्रमाणपत्र पुण्याचेच. उलट कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवकडून इथल्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांच्या घरच्यांना त्यासाठी सोलापूरलाच यावे लागते. मृतदेह घेऊन गावी परतण्याआधी दवाखान्याच्या नोंदणी टेबलावर पाच मिनिटे थांबून नाव, वय, पत्ता तपासला तर पुढचे हेलपाटे वाचतात.

नावाबद्दल जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण सोलापूरची खरी दुखरी नस तीच आहे. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत. एकच आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या, कारखान्याच्या हजेरीपटावर तिसऱ्या. बायकांच्या बाबतीत भर म्हणजे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव. माणूस जिवंत असताना हे सगळे खपून जाते. गेल्यावर प्रत्येक खिडकीवर ‘ही व्यक्ती वेगळी दिसते’ असे ऐकावे लागते. उपाय साधा आहे. नोंदीचा अर्ज भरताना आधार, बँक पासबुक आणि पीएफची कागदपत्रे शेजारी मांडावीत, सर्वांत जास्त कागदांवर जे स्पेलिंग असेल तेच अर्जात लिहावे आणि प्रमाणपत्र छापण्याआधी मसुदा अक्षर न् अक्षर वाचावा. उरलेल्या एखाद-दुसऱ्या फरकासाठी ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालते. प्रमाणपत्राच्या 8 ते 10 प्रती एकदमच घ्याव्यात.

मग पासबुक उघडावे आणि मे महिन्याच्या अखेरच्या नोंदी बोट ठेवून वाचाव्यात. तिथे 436 रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला असला तरी 2 लाख मिळतात. (नव्याने नाव घातले असेल तर पहिल्या 30 दिवसांत फक्त अपघाती मृत्यू धरला जातो.) 20 रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा, त्याचेही 2 लाख. दावा शक्यतो 30 दिवसांत बँकेत द्यावा. अनेक घरांना आपला विमा होता हेच माहीत नसते, कारण खाते उघडताना कुणीतरी फॉर्मवर अंगठा घेतलेला असतो.

मृताचे एटीएम कार्ड किंवा फोनवरचे पेमेंट ॲप वापरून पैसे काढू नयेत. ‘दिवसकार्याला लागतात’ म्हणून काढले जातात, पण बँकेच्या नोंदीत ते मृत्यूनंतरचे व्यवहार ठरतात आणि भावंडांत वाद पेटायला तेवढे पुरते. सिमकार्ड मात्र घाईने बंद करू नये, दाव्यांचे निरोप त्याच नंबरवर येतात. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवावे; जादा जमा झालेली रक्कम नंतर वसूल होते. वारस म्हणून लावलेला नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क बुडत नाही, हे घरातल्या थोरल्याने सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकावे. शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज 3 महिन्यांत द्यावा.

विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र सांगणे आहे. पीएफची शिल्लक, पेन्शन आणि ठेवीशी जोडलेला विमा या तिन्हींसाठी आता मृत्यूच्या प्रकरणात एकच संयुक्त अर्ज भरायचा असतो. विम्याची रक्कम 7 लाखांपर्यंत जाऊ शकते, मात्र मृत्यूच्या वेळी कामगार नोकरीत असावा लागतो. विडी वळणारी बाई गेली तर पीएफ योजनेतली पेन्शन तिच्या नवऱ्यालाही मिळते. ‘पेन्शन विधवेला असते’ असे समजून कित्येक पुरुष अर्जच करत नाहीत आणि 25 वर्षांखालील मुलांचा हक्कही तिथेच राहून जातो. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20 हजार रुपये मिळतात. निराधार विधवेसाठी संजय गांधी योजना आहे. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात.

मुस्लिम घरांत विधवा इद्दतीचे 4 महिने 10 दिवस घराबाहेर पडणे टाळते. अशा वेळी मृत्यू नोंद घरातल्या दुसऱ्या कुणीही करावी. बँकेच्या आणि पीएफच्या कामात तिची सही लागेल तिथे कागद घरी आणून घ्यावेत, आणि ज्या कामांना मुदत नाही ती इद्दतीनंतर ठेवावीत. तिला खिडकीवर उभे करण्याइतकी घाई कशाचीच नसते.

आता भेटायला जाण्याबद्दल. ‘रडू नकोस, मुलांकडे बघ’ हे वाक्य सगळ्यांत जास्त बोलले जाते आणि सगळ्यांत जास्त लागते. समाधीच्या अभंगांत नामदेवांनी निवृत्तिनाथांना व्याकूळ झालेले दाखवले आहे. निवृत्तिनाथ थोरले बंधू, शिवाय गुरू. ज्ञानेश्वर स्वतःच्या इच्छेने समाधी घेत आहेत हे त्यांना ठाऊक. तरी त्यांचा बांध फुटतो आणि नामदेव तो फुटू देतात. आपणही तेवढे करावे. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे, काय झाले ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगू द्यावे. ‘काही लागले तर सांग’ म्हटल्याने कुणी काही सांगत नाही. ‘गुरुवारी अकराला बँकेत मी येतो, पासबुक काढून ठेव’ असे ठरवून बोलावे.

मूल गेले असेल तर आणखी सांभाळून. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली विधवा आई मेलेल्या बाळाला झोपलेलाच मानते आणि जमलेल्यांना गप्प राहायला सांगते. तशी आई प्रत्यक्षातही असते. तिच्या हातून बाळ हिसकावून घेऊ नये. तिला तासभर द्यावा, तिच्या आईने किंवा बहिणीने बाळ मागावे, हवे असेल तर अंगडे-टोपडे तिला ठेवू द्यावे.

घरातल्या लहान मुलांना ‘आजोबा झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ असे सांगू नये. झोपले म्हटल्यावर काही मुले रात्री झोपायला घाबरतात, गावाला गेले म्हटल्यावर वाट पाहत बसतात. ‘आजोबा वारले, त्यांचे शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत’ इतके स्पष्ट सांगावे. शेवटचे दर्शन घ्यायचे का हे त्यांना विचारावे आणि तिथे काय दिसेल ते आधी सांगावे. आपल्यामुळे हे झाले का, असा प्रश्न मूल मनात ठेवते. तसे काही नाही हे न विचारता सांगून टाकावे.

बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे प्रकार अजून चालू आहेत, तेही नवऱ्याचे प्रेत समोर असताना. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी याविरुद्ध काम उभे केले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. आपल्या जिल्ह्यात सुरू झालेल्या या कामाला आपल्याच गल्ल्यांत अजून जागा नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते. अंत्यविधी ठरवणाऱ्या वडीलधाऱ्याने ‘आमच्याकडे हे होणार नाही’ एवढे म्हटले तरी त्या बाईची सुटका होते.

झोप उडणे, भूक जाणे, गेलेल्याचा आवाज ऐकू आल्याचा भास होणे हे पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांना होते, त्याला वेड लागले समजू नये. पहिला सण, वाढदिवस आणि वर्षश्राद्ध या दिवशी ते पुन्हा उसळते. मात्र सहा महिने-वर्ष उलटूनही माणूस अंघोळ, जेवण, काम यांकडे वळत नसेल, किंवा केव्हाही, अगदी पहिल्या दिवसांतही, ‘मलाही त्यांच्याकडे जायचे’ असे म्हणू लागला असेल, तर त्या दिवसापासून त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरकडे न्यावे. टेली मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते.

संपादक महाशय, निधन वार्तांच्या शेजारी रोज एक छोटी चौकट आपण छापावी, अशी विनंती आहे: नोंदीची 21 दिवसांची मुदत, नेत्रदानाचे 6 तास, पासबुकातले 436 रुपये, 14416. त्या पानाकडे ज्या दिवशी घरातला कुणीतरी बघतो, त्याच दिवशी त्याला ते लागणार असते.

आपले,
अंत्यविधी आणि त्यानंतरच्या कागदपत्रांत मदत करणारे काही कार्यकर्ते,
सोलापूर