हंपीहून परत आल्यावर

सोलापूर,
१४ जानेवारी

प्रिय संज्या,

तुझ्या पत्राला महिना झाला, शिव्या घालत असशील. घाल. आम्ही हंपीला जाऊन आलो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खरं तर पोरांना गोवा हवा होता. पण आई अडून बसली, ‘विठोबाला नेऊन ठेवलं होतं ते देऊळ मला बघायचंय.’ कृष्णदेवरायानं पंढरीची मूर्ती नेली आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत आणली, ही कथा तिनं माहेरी कीर्तनात ऐकलेली. ‘आई, आख्यायिका आहे गं ती,’ म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप गाडी काढली.

विठ्ठल मंदिराच्या बरंच अलीकडे आपली गाडी सोडायची आणि बॅटरीवरच्या गाडीतून आत जायचं. दगडी रथापाशी ही गर्दी! धाकट्यानं पन्नासची नोट काढून चित्र जुळवलं. तो रथ म्हणजे गरुडाचं देऊळ, हे कुणाच्या गावीही नव्हतं. सूर देणाऱ्या खांबांना आता हात लावू देत नाहीत. तू असतास तर तुझी बोटं शिवशिवली असती.

आई मात्र थेट गाभाऱ्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून अंगणातल्या तुळशीची माळ आणली होती, आम्हाला पत्ताच नाही! आत अंधार, वटवाघळांचा वास आणि मूर्तीच्या जागी काही नाही. मला वाटलं, आता ही रडणार. तर म्हणते, ‘बरोबर आहे. तो घरी गेलाय ना.’ माळ पुन्हा फडक्यात.

बाकीचं भराभर सांगतो. हत्तीशाळा, कमलमहाल, पाण्यात उभं असलेलं बडवीलिंग, सगळं पाहिलं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची ही राजधानी जी उजाड झाली ती कायमची. थांबलो ते नरसिंहापाशी. १५२८ सालची, एका दगडातली, जवळजवळ ७ मीटर उंच मूर्ती. मांडीवरची लक्ष्मी फोडलेली. पण बायकोनं बाजूला जाऊन हाक मारली, ‘इकडून बघा.’ लक्ष्मी गेली, तिचा हात मात्र त्याच्या पाठीवर तसाच आहे. त्या हातापुढं मला रथबिथ काही वाटेना.

विरूपाक्षाला अजून पूजा चालू आहे. म्हटलं, आई, माळ इथं वाहा. ‘शंकराला तुळस वाहतात होय रे?’ विषय संपला.

परतताना विजापूर सोडलं आणि मागून हुकूम आला, ‘मंगळवेढ्यावरून घे.’ पंढरपुरात पोचलो तेव्हा रात्र झालेली, पदस्पर्शाची रांग लांबलचक, म्हणून मुखदर्शन घेतलं. माळ पार सुकली होती. आईनं ती नामदेव पायरीवर ठेवली आणि पुटपुटली, ‘तुझ्या तिकडच्या घरी जाऊन आले. ठीक आहे सगळं.’

काकूंना नमस्कार सांग. लक्ष्मीच्या हाताचा फोटो धुऊन आणला की पाठवतो.

तुझाच,
दिग्या