दमा : पुडी, काढा आणि पंप

महोदय,

सोयाबीनची मळणी सुरू झाली की मराठवाड्यात दम्याच्या रुग्णांची धाप वाढते आणि त्याच सुमारास आठवडी बाजारांत ‘दमा मुळासकट बरा’ करणाऱ्या पुड्यांनाही गिऱ्हाईक मिळते. वास्तविक चरकसंहितेने तमक श्वास, म्हणजे दमा, हा याप्य, म्हणजे पथ्य व औषधाने आटोक्यात राहणारा, सांगितला असून तो नव्याने जडलेला असेल तरच साध्य मानला आहे. त्यामुळे सरसकट कायमच्या मुक्तीची हमी देणाऱ्याला आयुर्वेदाचा आधार नाही.

अडुळशाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातील व्हॅसिसीनवरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. ज्येष्ठमधही वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे; मात्र ते फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, हे पुडीवाला सांगत नाही. पण सुजलेल्या श्वासनलिका एकाएकी आवळतात तेव्हा काढा उकळेपर्यंत थांबता येत नसते. तेव्हा पंपच (इनहेलर) हवा. पंपाची सवय लागते हा समज तर निव्वळ खुळा आहे, कारण त्यातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व ती थेट श्वासनलिकेत पोहोचते. उलट ज्या बिननावाच्या पुडीने झटपट आराम पडतो, तिच्यातच स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घ्यावी.

बोलताना वाक्य पुरे होईना किंवा ओठ निळसर पडू लागले, तर पंप घेऊन तडक रुग्णालय गाठावे. अन्न व औषध प्रशासनाने या पुड्यांचे नमुने मळणीच्या हंगामातच तपासावेत, ही विनंती.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)