बाबा, पडद्यावर मी काय लिहीत होते

शेफील्ड,
रविवार

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला शि. सा. नमस्कार.

माझ्या लाइव्ह कोडिंगच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघून बाबांनी फोनवर विचारलं, "ऑफिसात करतेस तेच लोकांसमोर करतेस ना? मग लोक नाचतात कशाला?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

ऑफिसात मला कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिताना कुणी बघत नाही. लिहिते, खोडते, तपासते, मग सहकारी तपासतात, आणि दोनेक आठवड्यांनी तो लोकांपर्यंत जातो. त्यांना दिसतं ते फक्त एक बटण. त्यापायी मी तीन तास अडले की तीन दिवस, हे त्यांना कधीच कळत नाही.

लाइव्ह कोडिंगमध्ये लिहिणं हाच कार्यक्रम. माझी स्क्रीन मागच्या भिंतीवर मोठी करून दाखवलेली असते, सुरुवातीला कोरी. लिहीत जाईन तसं संगीत उमटतं. 2004 साली हॅम्बुर्गमध्ये असं लाइव्ह कोडिंग करणाऱ्या मंडळींनी टॉपलॅप नावाची संघटना काढली, तिच्या जाहीरनाम्यातली मागणीच आहे की तुमची स्क्रीन आम्हाला दाखवा. ऐकणाऱ्याला कोड कळायलाच हवा असं नाही, गिटार येत नसली तरी गिटारवादकाला बघण्यात आनंद असतोच, असंही त्यात म्हटलंय. आई, तू कुठे तबला शिकलीस? पण बाबांचा हात दुगुनीत गेला की तुझी मान डोलतेच.

बाबा, आता तुमच्यासाठी. मी वापरते ते सॉफ्टवेअर म्हणजे टायडल सायकल्स, अ‍ॅलेक्स मॅकलीन यांनी केलेलं. त्यात सगळं आवर्तनावर चालतं. अवतरणचिन्हांत दोन आवाजांची नावं लिहिली की आवर्तनाचे दोन सारखे भाग पडतात, चार लिहिली की चार. आवर्तन लांबत नाही, ठोके जवळ येतात. नावापुढे चांदणी काढून दोनचा आकडा घातला की तेवढ्याच जागेत तो ठोका दोनदा पडतो. चौकटी कंसातले सगळे आवाज मिळून एका मात्रेत बसतात. ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. ही पद्धत ज्यावरून सुचली तो बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम 1980च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी तबल्याचे बोल संगणकावर उतरवण्यासाठी केला होता. सोबत होते जेम्स किपन, लखनौच्या उस्ताद अफाक हुसेन खाँसाहेबांकडे तबला शिकलेले. कायद्याचे पलटे संगणकाने रचायचे आणि ते घराण्याला शोभतात की नाही, हे जाणकार वादकांनी सांगायचं. (आई, कायदा म्हणजे ठरावीक बोलांची रचना आणि पलटे म्हणजे तिचीच बदलती रूपं.) हे वाचलं तेव्हा मला तुमची सकाळची रियाजाची खोली आठवली.

गेल्या शनिवारी कार्यक्रमात एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं. ऑफिसात असं झालं तर मी चहा घेऊन येते आणि शांतपणे शोधते. इथे भिंतीवर सगळ्यांदेखत चूक झाल्याचा संदेश आला. पण आधीचं आवर्तन वाजतच राहतं, ते माझ्यासाठी थांबत नाही. ते चालू असतानाच चूक सापडायला हवी. माझी नजर वरच्या ओळीत अडकली होती. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने भिंतीकडे बोट करून जागा दाखवली. चिन्ह घातलं, कळ दाबली, नवा ठेका सुरू झाला आणि अख्खी खोली ओरडली. ऑफिसातल्या कोडमधली चूक सापडल्यावर असं कधी होत नाही हो.

शेवटी 'हश' लिहिलं की सगळे आवाज एकदम बंद. ती फाइल मी जपून ठेवत नाही. ऑफिसातला कोड वर्षानुवर्षं टिकावा म्हणून आम्ही जीव काढतो, हा त्या रात्रीपुरता.

बाबा, एक काम आहे. 'धा धा तिट धा धा तिं ना' या कायद्याचे बोल मला तुमच्या हातचे हवे आहेत. धा, ता, तिं, धिं, ना, तिट, सगळे सुटे वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, प्रत्येकानंतर थोडं थांबून. आई, तेवढा वेळ पंखा बंद ठेव.

तुमची,
मनू